आईला घेऊन लक्सरला जावं का? (२ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण)

खिडकीतली सीट
प्रश्न छोटा आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय कळायचा नाही. तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

१६ फेब्रुवारी १९८० ला कारवारवरून खग्रास सूर्यग्रहण गेलं. बाबांची तेव्हा तिथे बदली होती आणि आईला पाचवा महिना लागलेला. म्हणजे मी पोटात. आजीने तिला सकाळपासून आतल्या खोलीत निजवलं आणि खिडकीला गोधडी टांगली. हलायचं नाही, विळीला हात लावायचा नाही, अंग खाजवायचंसुद्धा नाही. आई सांगते, गोधडीची शिवण एका जागी उसवली होती. तिथून समोरच्या भिंतीवर उजेडाचे टिपके पडले होते, आणि दुपारी बघता बघता त्या टिपक्यांच्या चंद्रकोरी झाल्या. मग अंधार. बाहेर कावळ्यांचा गलका. परत कोरी. डोक्यावरून गेलेल्या खग्रास ग्रहणाचं तिने पाहिलं ते एवढंच.

मी स्वतः २२ जुलै २००९ ला नवऱ्याबरोबर सुरतला गेले होते. सव्वासहानंतर कोणीतरी दिवा मालवावा तसा अंधार झाला, रस्त्यावरचे दिवे लागले, पण वर नुसता ढग. भिजून चिंब होऊन परत आलो.

आता २०२७ चं ठरवतोय, इजिप्तमध्ये लक्सरला. हे घरात बोलताना आई एकदम म्हणाली, "मला न्याल का?" वय ७३, मधुमेह, बीपीच्या गोळ्या, एक गुडघा कुरकुरतो. रोज अर्धा तास चालते, पण उन्हाने गळून जाते. न्यावं का? टूरबरोबर की आपलं आपण? आणि नवऱ्याची एक वेगळीच शंका आहे: हजारो माणसं एका गावावर एका दिवसात जाऊन आदळणार, त्यात आपण भर घालावी का?

बटाटेवडा
पहिला!! लक्सरला ऑगस्टमध्ये ४१ डिग्री असतं ताई. आईंना नेताय की पापड वाळवायला घालताय? (कृपया हलकेच घ्या)

वऱ्हाडी ठेचा
४१ म्हंजे आमच्याकडं मार्च. तुमी पुण्या-मुंबईचे लोक लई नाजूक बाप्पा.

दुर्बीणवाला
ताई, तुम्ही सुरतला ढगात हरवलेलं ग्रहण आणि २०२७ चं ग्रहण सख्खी भावंडं आहेत, हे माहीत आहे का? दोन्ही १३६ क्रमांकाच्या सारोस मालिकेतली. १८ वर्षं, ११ दिवस आणि साधारण ८ तासांनी तसंच ग्रहण परत येतं. त्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून खग्रास दिसायचा पट्टा तितका पश्चिमेला सरकतो. तुमची उधारी वसूल करायला सूर्य इजिप्तपर्यंत बोलावतोय, एवढंच.

हा पट्टा स्पेनच्या दक्षिण टोकावरून मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त असा येतो आणि पुढे सौदी, येमेन, सोमालियावरून समुद्रात उतरतो. सगळ्यात लांब खग्रास स्थिती लक्सरच्या परिसरात, ६ मिनिटं २३ सेकंद. यापेक्षा मोठं थेट २११४ साली. आकाशाचं म्हणाल तर तिथे ऑगस्टमध्ये ढग शोधायला दुर्बीण लागेल.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. दुपारी एकच्या सुमाराला तिथे सूर्य जवळजवळ माथ्यावर असेल, क्षितिजापासून ८२ अंशांवर. भिंतीला सावली नाही, झाडाची सावली फक्त बुंध्याशी. आणि सहा मिनिटं मान वर करून उभं राहणं मला पन्नाशीत जमत नाही. तेव्हा चटई आणि उशी. आडवं होऊन बघायचं.

खिडकीतली सीट
@दुर्बीणवाला, सख्खी भावंडं! हे नवऱ्याला वाचून दाखवलं, तो उठून तिकिटांचे दर बघायला लागला. चटई लिहून ठेवली.

डोळस डॉक्टर
मी नेत्रतज्ज्ञ आहे, त्यामुळे मला हे लिहावंच लागणार.

२६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणानंतर दोन दिवसांनी एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे आला. मोबाईलवर वाचताना ओळीच्या मधलीच अक्षरं गायब होत होती आणि दरवाजाची चौकट वाकडी दिसत होती. त्याने जुन्या एक्स-रे फिल्ममधून "फक्त दोन-तीन मिनिटं" सूर्य पाहिला होता. दुखलं का विचारलं, तर अजिबात नाही म्हणाला. नाहीच दुखणार. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. भाजतं आणि पत्ता लागत नाही, काही तासांनी नजर अंधुक होते. याच्यावर खात्रीचं औषध नाही. काहींचं महिन्यांनी सुधारतं, काहींचा डाग कायम राहतो. त्या मुलाचं बरंचसं सुधारलं, पूर्ण नाही.

म्हणून: एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, दोन गॉगल एकावर एक, पाण्याच्या परातीतलं प्रतिबिंब, यातलं काहीही नाही. आयएसओ १२३१२-२ या मानकाचा ग्रहणचष्मा घ्या. तो छाप नकली चष्म्यांवरही मारलेला असतो, त्यामुळे तारांगण किंवा जुन्या खगोल मंडळाकडून घ्या. घरात लावून बघा: ट्यूबलाइट, पंखा, माणसं, काही म्हणजे काही दिसता कामा नये. दिसलं तर फेकून द्या. चरा पडला असेल तरी फेका.

आणि चष्मा लावून दुर्बिणीला डोळा लावू नका. दुर्बीण ऊन एकवटते, चष्म्याची फिल्म जळते, पाठोपाठ डोळा. दुर्बीण असो की कॅमेऱ्याची लेन्स, फिल्टर सूर्याच्या बाजूच्या तोंडाला.

चहाबाज
मग चष्मा लावून बघायचं तर ते सहा मिनिटं काय दिसणार? काळं वर्तुळ?

डोळस डॉक्टर
@चहाबाज, चांगला प्रश्न. सूर्य पूर्ण झाकला गेला की चष्मा काढायचा, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी बघणं सुरक्षित असतं. किरीट, म्हणजे सूर्याभोवतीचं पांढरं तेजोवलय, चष्म्यातून दिसतच नाही. पण कडेला पहिला लखलखता ठिपका परत उगवला की ताबडतोब चष्मा चढवायचा. कंकणाकृतीत, म्हणजे सूर्याची बांगडी उरते त्या ग्रहणात, मात्र चष्मा एक सेकंदही काढायचा नसतो. लोकांचा गोंधळ इथेच होतो.

चहाबाज
धन्स डॉक्टर. पण मूळ मुद्द्यावर माझं मत वेगळं. त्या दिवशी मुंबईतही दुपारी उशिरा खंडग्रास दिसणारच आहे. सूर्याचा लचका तोडलेला इथे दिसेल की. त्यासाठी विमानं जाळत वाळवंटात जायचं, आजारी माणसाला फरफटत न्यायचं, आणि वर 'जबाबदार पर्यटन' म्हणायचं? सगळ्यात जबाबदार पर्यटन म्हणजे घरी चहा करून पिणं.

बटाटेवडा
ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सूर्य दिसतो? आधी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर येऊन दाखव.

निवांत काका
चहाबाज, खंडग्रास आणि खग्रास यांत फरक किती, हे मी २४ ऑक्टोबर १९९५ पर्यंत असंच हसण्यावारी नेत होतो. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन. ऐन दिवाळीत घर सोडून चौघे मित्र राजस्थानात नीम का थानाला गेलो. बायकोने चिवड्याचा डबा दिला, पण बोलली नाही.

सकाळी साडेआठच्या आसपास. नव्वद टक्के झाकला तरी नेहमीची सकाळच होती, फक्त ऊन जुन्या फोटोसारखं फिकट. आणि मग पश्चिमेकडून सावली धावत आली. काही विचार करायच्या आत डोक्यावर एक भोक होतं, आणि त्याभोवती पांढरं रेशीम पसरावं तसं काहीतरी. मिनिटभरसुद्धा नव्हतं. शेजारचा मित्र, बँकेत अधिकारी, रूक्ष माणूस, तो रडत होता आणि त्यालाच कळत नव्हतं.

आता दुसरी बाजू, कारण ताईंच्या यजमानांची शंका मला फार पटली. आम्ही सगळे गावाबाहेर एका मोकळ्या जमिनीवर उभे होतो, शेदोनशे माणसं. मोकळी कसली, नुकतं पेरलेलं शेत होतं. बारीक कोंब आले होते, बघायचं सुचलं नाही, सगळ्यांच्या माना वर. सूर्य सुटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बांधावर एक म्हातारा उभा होता. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "सूरज तो लौट आया बाबूजी, मेरी सरसों कौन लौटाएगा?" आम्ही टोपी फिरवली. निम्मे लोक तोवर बसमध्ये चढले होते. जे जमलं ते दिलं, त्याने मोजलंसुद्धा नाही. त्या मिनिटाची आठवण काढली की तो बांध आठवतोच.

खिडकीतली सीट
काका, _/\_ हे घरी मोठ्याने वाचलं. कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

बॉस्टनची मिसळ
मी ८ एप्रिल २०२४ चं बघितलं, व्हरमाँटमध्ये बर्लिंग्टनला. आकाश लख्ख, लेक शॅम्प्लेनवरून सावली येताना दिसली. वर्णन निवांत काकांनी केलंय, त्यात भर घालत नाही. मी परतीचं सांगते.

जाताना लोक दोन-तीन दिवसांत विखरून येतात. परत मात्र सगळे एकाच मिनिटाला निघतात. बॉस्टन तिथून साडेतीन तास. आम्हाला अकरा लागले. मुलगी पाच वर्षांची, गाडीत एक पाण्याची बाटली आणि अर्धा पुडा पार्ले-जी. रात्री दहाला पेट्रोल पंपावरच्या दुकानात फक्त च्युइंगम उरलं होतं. त्यात नकाशाच्या ॲपने शहाणपणा करून आडवाटा दाखवल्या. तिथे एप्रिलमध्ये बर्फ वितळून मातीच्या रस्त्यांचा चिखल होतो, 'या रस्त्यांवर येऊ नका' म्हणून आधीपासून सांगत होते. तरी गाड्या रुतल्या. मग ते सोडवायला गावातलेच लोक ट्रॅक्टर घेऊन. अँब्युलन्सला जायला वाट नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं.

म्हणून एकच: ग्रहणाच्या रात्री तिथेच राहा. शक्यतो दुसरी रात्रही.

उंटावरचा शहाणा
दुबईहून. लक्सर दोनदा झालंय, त्यातलं एकदा जूनमध्ये, म्हणून अधिकाराने बोलतो.

नाईलच्या पश्चिम काठावर राजांची दरी, म्हणजे जुन्या राजांची थडगी, पूर्वेला शहर, कर्नाक, लक्सर मंदिर, स्टेशन, दवाखाने. आईंना घेऊन जाताय तर मुक्काम पूर्वेला, नाईलच्या काठचं, गच्ची किंवा बाग असलेलं हॉटेल. ग्रहण हॉटेलच्या आवारातूनच बघा. पाच पावलांवर एसी खोली आणि संडास, यापुढे देवळाच्या खांबांमधला फोटो झक मारतो. थडगी-बिडगी ग्रहणाच्या दोन दिवस आधी, सकाळी सहाला आत, दहाला बाहेर. आत बाहेरच्यापेक्षा जास्त घुसमटतं, आईंना एखादंच दाखवा.

स्वतः गाडी घेऊन वाळवंटात 'मस्त एकांत' शोधायला जाऊ नका. शहराबाहेर पोलिसांच्या चौक्या आहेत, मनाला येईल तिथे जाता येत नाही, आणि ते बरंच आहे. गाडी अडकली तर ऑगस्टच्या दुपारी तुम्हाला शोधणार कोण?

हॉटेलवाल्यांचं एक. माझ्या मित्राचं २०२४ ला अमेरिकेत एका हॉटेलने वर्षभर आधीचं बुकिंग 'तांत्रिक चूक' म्हणून रद्द केलं आणि तीच खोली चौपट दराने परत लावली. नाव लिहीत नाही. दर, तारीख, रद्द करायच्या अटी, सगळं मेलवर लेखी घ्या. दोन महिने आधी फोन करून परत खात्री करा.

जाता जाता, तिथे पावलोपावली 'बक्षीश' मागतात. आपलंच बक्षीस. सुट्टे पैसे वेगळ्या खिशात ठेवा आणि चिडू नका. वर्षभर उन्हात उभं राहून तेवढ्यावर घर चालवणारी माणसं आहेत ती.

सदाफुली
गरम हवेच्या फुग्यातून बघता येईल का हो? लक्सरला ते प्रसिद्ध आहे ना?

उंटावरचा शहाणा
फुगे पहाटे उडतात, दुपारी एकला नाही. दुपारी एकला फक्त आम्ही उडतो, एसी बंद पडला की.

पंचांगवाचक
इतका वेळ गप्प होतो. एका मुद्द्याकडे कोणाचंच लक्ष नाही. ताई, आई ग्रहण पाळतात का?

सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे १२ तास. वेधात जेवण नाही, पाणी चालतं. पर्वकाळात, म्हणजे स्पर्शापासून मोक्षापर्यंत (ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत), पाणीही नाही. लक्सरला पर्वकाळ पावणेतीन तासांच्या घरात आहे, ऐन दुपारी.

बटाटेवडा
आला! धाग्याला ग्रहण लागलं.

डोळस डॉक्टर
हसू नका, हा या धाग्यातला सगळ्यात गंभीर मुद्दा आहे. डोळ्यांचं मी लिहिलं, पण ७३ वर्षांच्या मधुमेही बाईने बारा तास उपाशी आणि ४१ डिग्रीत पावणेतीन तास पाण्याशिवाय राहायचं, तर डोळे राहू द्या, साखर उतरून किंवा उष्माघाताने त्या खाली पडतील. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, त्यात पाणी आणखी कमी होतं. इन्सुलिन घेत असतील तर ते थंड राहायला हवं, उन्हात पिशवीत नाही. जाण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना प्रवासाचं सगळं सांगून गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या. आणि प्रवासविम्यात आधीपासूनचे आजार नमूद करा. नाहीतर विमा फक्त कागद.

पंचांगवाचक
डॉक्टर, मी वादाला आलो नव्हतो. पुढचं लिहीतच होतो. बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भिणी यांना पंचांगातच सवलत आहे, त्यांचे वेध उशिरा धरतात. आणि जिवावर बेतत असेल तिथे नियम नाही, 'आपत्काले मर्यादा नास्ति' हे काय मी सांगायचं? माझी आजी ग्रहणात आजोबांना गोळीबरोबर तुळशीचं पान घातलेलं पाणी द्यायची. "शास्त्र माणसासाठी आहे, माणूस शास्त्रासाठी नाही," म्हणायची. आईंशी आत्ताच बोला, तिथे गेल्यावर नको. तिथे गेल्यावर त्या गपचूप पाणी टाळतील आणि तुम्हाला कळणारही नाही. आपल्या आयांचं हेच असतं.

सदाफुली
शेवटच्या दोन वाक्यांना +१००. माझी आई करवंदाएवढी गोळी लपवून 'घेतली' म्हणते.

देवगडचा हापूस
एवढ्या लांब कशाला, ग्रहणाचा खरा इतिहास आमच्या विजयदुर्गात! १८६८ ला लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने किल्ल्यावरून खग्रास ग्रहण बघून हेलियम शोधला. साहेबाचे निरीक्षणाचे कट्टे अजून आहेत. १८ ऑगस्टला हेलियम दिवस असतो, या सगळे.

दुर्बीणवाला
हापूसराव, कट्टे खरे, साहेब खरा, साल मात्र घसरलं. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर भारतात नव्हतेच. तेव्हा जान्सेन हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला होते. लॉकियर यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेच्या वर्णपटात हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणाला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन करमाळ्याजवळ जेऊरला गेले होते. जेऊर स्टेशन आज कित्येक लोक झोपेत ओलांडतात.

देवगडचा हापूस
साल बदला, पण साहेब आमचाच. आंबे पाठवणार होतो, आता रद्द.

दुर्बीणवाला
मी माझे शब्द मागे घेतो.

संपादक
आंबे आणि हेलियम यांसाठी वेगळा धागा काढावा. इथे लक्सर.

स्वारी निघाली
आम्ही स्पेनचा विचार केला होता, तारिफा. तिथे साडेचार मिनिटांच्या वर मिळतील आणि हवा सुसह्य. पण ऑगस्टमध्ये तो किनारा आधीच पर्यटकांनी भरलेला असतो आणि गावात जायला एकच अरुंद रस्ता, बॉस्टनच्या मिसळीचा अनुभव वाचून घाम फुटला. जेद्दाहलाही खग्रास आहे, पण दमटपणा आईंना झेपणार नाही. ताईंनी लक्सरच धरावं. टूर घेतलीत तर त्यांना तीन गोष्टी विचारा: ग्रहणाच्या वेळी सावली कुठे, सोबत डॉक्टर असणार का, आणि परतीचं विमान कोणत्या दिवशी. 'त्याच संध्याकाळी' म्हणाले तर दुसरी टूर बघा.

उंटावरचा शहाणा
एक राहिलं. ग्रहणाच्या वेळी मशिदींत खास नमाज असते. लक्सर मंदिराच्या आतच अबुल हग्गाज यांची जुनी मशीद आहे, तिथे त्या दिवशी गर्दी होईल. कपडे अंगभर, प्रार्थनेत असलेल्यांचे फोटो नाहीत, टाळ्या-शिट्ट्या नाहीत. आपण काशीच्या घाटावर स्नान करत असताना कोणी ड्रोन उडवला तर कसं वाटेल, तसं.

चहाबाज
निवांत काकांच्या सरसोंनी माझी जरा पंचाईत केली आहे. न जाण्याचं मत कायम, पण जाणारच असाल तर एक: तिथल्या पोरांकडे चष्मे असतील का? तुम्ही सगळे भारी चष्मे लावून वर बघणार आणि हॉटेलच्या दारातला रिक्षावाला डोळे किलकिले करून तेच बघणार.

निवांत काका
चहाबाज, हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद, आणि तो तुमच्याकडून यावा!

दुर्बीणवाला
जास्तीचे चष्मे न्याच. दुमडून ठेवले तर पन्नास चष्म्यांना एका पुस्तकाएवढी जागा लागते. नुसते वाटू नका, कधी लावायचा, कधी काढायचा हे हातवारे करून दाखवा. आणि लहान मुलांसाठी घरची चाळणी न्या. जमिनीवर शंभर चंद्रकोरी पडतात. आईंनी गोधडीच्या भोकातून जे पाहिलं तेच, फक्त घाऊक.

फोटोंचं सांगून थांबतो. पहिल्या खग्रासला कॅमेरा नको. मी २०१७ ला अमेरिकेत दोन हजार डॉलरची लेन्स लावून बसलो आणि खग्रास स्थितीत फिल्टर काढायलाच विसरलो. चाळीस फोटो, चाळीसही काळेकुट्ट. मोबाईलचा फ्लॅश तेवढा आठवणीने बंद करा, नाहीतर शेजारचा माणूस आयुष्यभर शिव्या देईल.

बटाटेवडा
ते चाळीस फोटो इथे टाका की. 'कृष्णविवर' म्हणून खपतील.

खिडकीतली सीट
दीड आठवड्याने येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. सगळ्यांचे आभार. मधल्या काळात बरंच घडलं.

आईच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या केल्या, गोळ्यांचा कागद लिहून दिला, 'जा' म्हणाले, पण उन्हात सलग वीस मिनिटांच्या वर नाही. म्हणजे तासभर खोलीत, अधूनमधून बाहेर, आणि शेवटी खग्रासला चटईवर. नाईलकाठचं हॉटेल, पाच रात्री, ग्रहणानंतरच्या दोन धरून. सगळं मेलवर घेतलं. त्यांना आधीच कळवलं की आम्ही आवारातच बसणार, देवळात नाही. गाडी करायची नाही.

पंचांगवाचक, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. 'आयांचं हेच असतं' यावर ती हसली नाही, म्हणजे बाण बरोबर लागला. मग म्हणाली, तुळशीची पानं वाळवून डबीत नेऊ, पाण्यात एक टाकलं की झालं. (वाळलेली तुळस इजिप्तच्या कस्टम्समध्ये चालते का? नसेल चालत तर पाणी बिनतुळशीचं प्यायचं, हे तिच्याकडून वदवून घेतलंय. साक्षीदार: नवरा.)

चहाबाज, चष्म्यांचं ऐकून ती म्हणाली, "ग्रहणात दान द्यायचं असतंच की. लहानपणी 'दे दान सुटे गिराण' ओरडत यायचे दारावर. धान्याऐवजी चष्मे देऊ." शंभर घ्यायचं ठरलंय, पैसे तिच्या पेन्शनमधून, त्यात कोणी बोलायचं नाही.

काल संध्याकाळी गच्चीवर चटई टाकून रंगीत तालीम झाली. आडवं पडणं जमलं. उठताना दोघांनी ओढावं लागलं. तेव्हा टेकायची खुर्ची.

निवांत काका
उत्तम. त्या उठताना मला आमच्या सौभाग्यवती आठवल्या. १९९५ पासून आजपर्यंत त्या चिवड्याचं काढतात. दोन जागा असतील का तुमच्या हॉटेलात?

खिडकीतली सीट
काका, व्यक्तिगत निरोप केलाय!

चहाबाज
माझा पास. त्या दिवशी दुपारी दादरला गच्चीवर चाळणी घेऊन बसतो. ढग नसतील तर.

वऱ्हाडी ठेचा
आन असतील तर?

चहाबाज
तर चाळणीतून चहा गाळतो.

बटाटेवडा
आईंना सांगा, ४७ वर्षांनी का होईना, ग्रहणात भाजी चिरायचीच असेल तर लक्सर उत्तम जागा.

खिडकीतली सीट
सांगितलं. म्हणाली, विळी विमानात नेऊ देत असतील तर सहा मिनिटांत किलोभर भेंडी चिरून दाखवते.